कोटावरचं फूल आणि निष्ठेची झडती

नोव्हेंबर जवळ आला की ब्रिटनमध्ये कोणाच्या कोटावर लाल पॉपी, म्हणजे युद्धात पडलेल्या सैनिकांच्या आठवणीचं कागदी फूल, आहे आणि कोणाच्या नाही, याची मोजदाद सुरू होते. २०१५ साली पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांचं एक छायाचित्र फेसबुकवर टाकलं गेलं. त्यात कोटावर पॉपी नव्हती, म्हणून ती संगणकावर चिकटवली गेली. लोकांनी ती लबाडी लगेच ओळखली आणि पंतप्रधानांच्या कार्यालयाला फोटो बदलावा लागला. पुढच्याच वर्षी बीबीसीच्या ‘द वन शो’मध्ये आलेल्या कुकी मॉन्स्टर या निळ्या बाहुल्याच्या अंगावरही पॉपी होती. लोक असल्या बातम्यांवर हसतात आणि विसरून जातात. मला त्यात भीती दिसते. पंतप्रधानापासून मुलांच्या बाहुल्यापर्यंत कोणालाही फुलाशिवाय कॅमेऱ्यासमोर येण्याचा धीर होत नसेल, तर तिथे आठवण कमी आणि धाक जास्त आहे.

या विषयावर दरवर्षी जो वाद झडतो, त्यात दोन्ही बाजू चुकीच्या जागी उभ्या आहेत असं माझं मत आहे. एक बाजू म्हणते, युद्धात पडलेल्यांच्या स्मरणात राजकारण आणू नका. दुसरी म्हणते, या स्मरणात राजकारण शिरलंच आहे, तेव्हा ते सोडून द्या. पूर्वी कधीतरी हे स्मरण निर्मळ होतं आणि नंतर कोणीतरी ते बाटवलं, हे दोघांनीही धरून चाललं आहे. इतिहास तसं सांगत नाही. पॉपी पहिल्या दिवसापासून राजकीय आहे आणि त्यात वावगं काही नाही. लाखो तरुण मेले ते मंत्र्यांनी आणि सेनापतींनी घेतलेल्या निर्णयांमुळे. त्यांची आठवण राजकारण वगळून काढायची तरी कशी? बिघाड दुसरीकडे आहे. राज्यकर्त्यांनी आपल्या सैनिकांसाठी काय केलं, हा प्रश्न ज्या चिन्हातून उभा राहिला, तेच चिन्ह आता सामान्य नागरिकाची देशनिष्ठा तपासायला वापरलं जातं. ज्याने जाब विचारायचा, त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं गेलं.

१९ जुलै १९१९ या दिवसाकडे बघा. पहिलं महायुद्ध संपल्याबद्दल ब्रिटनने त्या दिवशी ‘शांतता दिन’ साजरा केला. लंडनमध्ये मोठं संचलन झालं आणि त्यासाठी वास्तुरचनाकार एडविन लुटियन्स यांनी लाकूड आणि प्लास्टरचा एक तात्पुरता सेनोटाफ, म्हणजे रिकाम्या कबरीसारखं स्मारक, उभारला होता. त्याच दिवशी लंडनच्या उत्तरेला असलेल्या ल्यूटन गावात काय झालं? परतलेल्या सैनिकांना आपल्या मेलेल्या सोबत्यांसाठी उद्यानात प्रार्थना करायची होती. नगरपालिकेने जागा नाकारली आणि स्वतःच्या मानकऱ्यांसाठी मेजवानीचा घाट घातला. चिडलेल्या जमावाने नगरभवन जाळून टाकलं. इकडे लंडनमध्ये लोकांनी त्या तात्पुरत्या सेनोटाफच्या पायाशी इतकी फुलं वाहिली की सरकारला तो काढणं जमेना. ११ नोव्हेंबर १९२० रोजी, म्हणजे युद्ध थांबल्याच्या तारखेला, त्याच जागी पोर्टलंड दगडातलं कायमचं स्मारक उभं राहिलं. त्यावर क्रूस नाही, आणि तो चुकून राहून गेलेला नाही. साम्राज्यासाठी मेलेल्यांत हिंदू, मुसलमान, शीख, ज्यू होते. लुटियन्स यांनी धर्मचिन्ह ठेवायचं नाही असं ठरवलं, तेव्हा काही चर्चवाल्यांना ते रुचलं नव्हतं. पुढच्या दोन-तीन वर्षांत बेकार माजी सैनिक ११ नोव्हेंबरच्या मोर्च्यांत छातीवर पदकं आणि पदकांशेजारी सावकाराकडे ठेवलेल्या वस्तूंच्या गहाणपावत्या टाचून चालले. त्या पावत्या टाचणाऱ्यांना कोणी सांगायचं की इथे राजकारण आणू नका?

पॉपी आली ती याच काळात. बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या उखडलेल्या रणभूमीवर उगवणारं हे रानफूल मोइना मायकेल या अमेरिकन बाईंनी आणि ॲना गेरँ या फ्रेंच बाईंनी निधी गोळा करण्याचं साधन म्हणून पुढे आणलं. १९२१ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संस्थेने त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला ती पहिल्यांदा विकली आणि १ लाख ६ हजार पौंड जमा केले. हात-पाय गमावून आलेल्या, कामधंदा नसलेल्या माणसांसाठी हे पैसे लागत होते, कारण सरकारी पेन्शन पुरत नव्हतं. म्हणजे ते फूल विकलं जात होतं हाच सरकारच्या अपयशाचा पुरावा होता. फुलाच्या मध्यभागी जी काळी गुंडी असे, तिच्यावर १९९४ पर्यंत ‘हेग फंड’ अशी अक्षरं होती. हेग म्हणजे फील्ड मार्शल डग्लस हेग. त्यांच्याच सरसेनापतिपदाच्या काळात फ्रान्समधल्या सोमच्या लढाईच्या पहिल्या दिवशी, १ जुलै १९१६ ला, १९ हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिक मेले. त्या दिवशी ज्याचा मुलगा गेला, तो बाप पुढे दरवर्षी त्याच सेनापतीचं नाव छातीवर लावून फिरत होता. हेग यांनी माजी सैनिकांसाठी मनापासून काम केलं हे खरं आहे. पण त्या गुंडीत राजकारण नव्हतं असं कोण म्हणेल?

विरोधी बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं मला ठाऊक आहे, आणि ते झटकून टाकण्यासारखं नाही. समाजाला वर्षातला एखादा दिवस असा हवा की ज्या दिवशी भांडणं बाजूला राहतील. प्रत्येकाने चिन्हाचा आपापला अर्थ लावायचं ठरवलं, तर चिन्ह उरतंच कुठे? आणि पॉपीला होणारा विरोध नेहमी विचारांपुरता राहिलेला नाही. ८ नोव्हेंबर १९८७ रोजी उत्तर आयर्लंडमधल्या एनिस्किलन गावात स्मृतिरविवारच्या कार्यक्रमाला जमलेल्या लोकांवर आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेने बाँबस्फोट केला. अकरा माणसं त्यात गेली; बेशुद्धावस्थेत गेलेला बारावा माणूस तेरा वर्षांनी गेला. कोटाला फूल लावून स्मारकाशी उभं राहणं एवढाच त्यांचा गुन्हा. अशा गावात कोणी पॉपीला नावं ठेवली, तर लोकांच्या काळजाला घरं पडणारच.

पण एनिस्किलनची पुढची गोष्ट या वादात कोणी सांगत नाही. २०१२ साली आयर्लंडचे पंतप्रधान एंडा केनी त्याच गावात त्याच स्मारकाला पुष्पचक्र वाहायला गेले. २०१७ साली त्यांच्यानंतरचे पंतप्रधान लिओ वराडकर डब्लिनच्या संसदेत शॅमरॉक या आयर्लंडचं चिन्ह असलेल्या पानावर बसवलेली पॉपी लावून आले. स्वतंत्र आयर्लंडने ब्रिटिश सैन्यातून लढून मेलेल्या आपल्याच हजारो माणसांची आठवण कित्येक दशकं कोपऱ्यात ढकलून दिली होती. ती परत बाहेर आली ती कोणी दरडावलं म्हणून नव्हे. न लावण्याची पूर्ण मोकळीक असलेल्या माणसाने लावली, म्हणून त्या फुलाला किंमत आली. (ज्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे, तोच माणूस हे करतो आहे, याचं मराठी माणसाला जरा जास्त अप्रूप वाटलं तर तो दोष नाही.)

आता जेम्स मॅक्लिन या फुटबॉलपटूचं प्रकरण घ्या. तो उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातल्या क्रेगन वस्तीत वाढला. ३० जानेवारी १९७२ च्या ‘रक्तरंजित रविवारी’ ब्रिटिश सैनिकांनी नि:शस्त्र निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. मारल्या गेलेल्यांपैकी सहा जण याच वस्तीतले होते. २०१० साली खुद्द कॅमरन यांनी संसदेत त्या गोळीबाराबद्दल माफी मागितली. मॅक्लिनने २०१२ पासून क्लबचा पॉपी छापलेला शर्ट घालायला नकार दिला. २०१४ साली त्याने आपल्या विगन क्लबच्या अध्यक्षांना पत्र लिहून कारण सांगितलं: ही पॉपी फक्त दोन महायुद्धांतल्या मृतांसाठी असती तर मी ती रोज लावली असती, पण ती ब्रिटनच्या सगळ्या संघर्षांतल्या सैनिकांसाठी आहे आणि त्यात डेरीही येतं. इतकं सरळ, इतकं सभ्य म्हणणं मांडणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षं मैदानात हुर्यो आणि बाहेर जिवे मारण्याच्या धमक्या मिळाल्या.

याच्या शेजारी नोव्हेंबर २०१० मधला एक प्रसंग ठेवून बघा. कॅमरन मंत्र्यांना घेऊन बीजिंगला गेले होते. चिनी अधिकाऱ्यांनी त्यांना पॉपी काढायला सांगितलं, कारण पॉपी हे अफूच्या झाडाच्या जातीचं फूल, आणि चीनला त्याने ब्रिटनशी झालेल्या अफूच्या युद्धांतल्या मानहानीची आठवण होते. (ती अफू माळव्यातून मुंबई बंदरामार्गेही जात होती आणि आपल्या मुंबईचं बरंच वैभव त्या पैशावर उभं आहे, ही आठवण आपणही सोयीने विसरतो.) कॅमरन यांनी पॉपी काढली नाही. माझ्या मते त्यांचं बरोबरच होतं. ती लावण्यामागे त्यांच्या मनात अफू नव्हती, त्यांच्या देशाचे मृत सैनिक होते, आणि लावणाऱ्याच्या मनातला अर्थ मानला पाहिजे. मग हाच न्याय मॅक्लिनला का नाही? बीजिंगमध्ये जो अर्थ लावणाऱ्याच्या मनावर सोपवला गेला, तो विगनमध्ये प्रेक्षकांच्या हाती कसा गेला? चिन्हाला एकच अर्थ आहे असं म्हणायचं असेल तर चीनची तक्रारही ऐकून घ्यावी लागेल. एका चिन्हाभोवती अनेकांच्या आठवणी असतात हे मान्य असेल, तर डेरीची आठवणही तिथे बसू द्यावी लागेल.

यावर ठरलेलं उत्तर असं: सक्ती आहेच कुठे? पॉपी लावलीच पाहिजे असा कायदा नाही. ही गोष्ट खरी आहे. लीजनही अनेकदा सांगते की ही ज्याच्या त्याच्या इच्छेची बाब आहे आणि सक्ती झाली तर पॉपीचा अर्थच जाईल. पण जी सक्ती शेजारी आणि प्रेक्षक करतात, ती कायद्यापेक्षा कमी जाचक नसते. कायद्याविरुद्ध निदान कोर्टात तरी जाता येतं. शार्लीन व्हाइट या आयटीव्हीच्या वृत्तनिवेदिका पडद्यावर पॉपी लावत नाहीत. त्या अनेक संस्थांना मदत करतात आणि निवेदक म्हणून त्यातल्या एकीलाच मिरवणं त्यांना पटत नाही. कामाच्या बाहेर त्या पॉपी लावतात. हे कारण समजायला अवघड आहे का? तरी २०१३ साली त्यांच्यावर वर्ण काढून शिव्यांचा वर्षाव झाला. पॉपी न लावणाऱ्या गोऱ्या निवेदकाला, उदाहरणार्थ जॉन स्नो यांना, टीका सोसावी लागली. व्हाइट यांना मात्र ‘आलीस तिथे परत जा’ अशा भाषेला तोंड द्यावं लागलं. फुलाच्या आडून नेमकी कशाची झडती घेतली जाते ते इथे उघड होतं. लंडन, स्लाव, लेस्टरमध्ये राहणाऱ्या आपल्या मराठी माणसांनाही ही झडती चुकत नाही. सुपरमार्केटच्या दारात बसलेल्या म्हाताऱ्या माजी सैनिकाच्या डब्यात नाणं टाकून घेतलेली पॉपी आणि ‘आपण लावलेली बरी, नाहीतर लोक काय म्हणतील’ म्हणून ऑफिसला जाताना टाचलेली पॉपी दिसायला सारखीच असते. पहिली माणुसकीतून येते, दुसरी भीतीतून.

आणि ही झडती घेणाऱ्यांनी ज्यांच्या नावाने ती चालते त्या सैनिकांचं तरी ऐकलं का? हॅरी पॅच हे सॉमरसेटचे प्लंबर, पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत लढलेले शेवटचे ब्रिटिश सैनिक. २००९ साली १११ व्या वर्षी वारले. २२ सप्टेंबर १९१७ रोजी बेल्जियममधल्या पॅशनडेलमध्ये एका तोफगोळ्याने त्यांच्या लुईस मशिनगनच्या तुकडीतले तीन सोबती उडाले आणि ते स्वतः जखमी झाले. वयाची शंभरी गाठेपर्यंत ते युद्धाबद्दल बोललेच नाहीत. बोलले तेव्हा म्हणाले की माझा स्मृतिदिन २२ सप्टेंबर. नोव्हेंबरमधला सोहळा त्यांना देखावा वाटत असे. १९३३ साली को-ऑपरेटिव्ह विमेन्स गिल्डच्या बायकांनी ‘पुन्हा युद्ध नको’ म्हणून पांढरी पॉपी आणली, तेव्हा त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी नवरा, भाऊ, मुलगा युद्धात गमावला होता. १९८६ साली पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी संसदेत त्या पांढऱ्या फुलाबद्दल मनस्वी नावड व्यक्त केली. मुलगा गमावलेल्या आईने कोणत्या रंगाचं फूल लावायचं हे पंतप्रधान सांगणार?

पांढऱ्या पॉपीवाल्यांचं सगळं मला पटतं असं नाही. नाझी जर्मनीसमोर शस्त्र न उचलून भागलं असतं असं मानणं भोळेपणाचं आहे, आणि लाल पॉपी लावणारा प्रत्येक जण युद्धाचं उदात्तीकरण करतो हा आरोप अन्यायाचा आहे. लाल पॉपी विकणाऱ्यांत युद्धाचा तिटकारा असलेले माजी सैनिक भरपूर आहेत. पण मतभेद आणि हकालपट्टी यांत अंतर असतं.

लीजनला या सगळ्यात सोसावं लागलं आहे, हेही नोंदवायला हवं. २००९ साली अतिउजव्या ब्रिटिश नॅशनल पार्टीचे निक ग्रिफिन निवडणुकीच्या प्रचारात पॉपीचा बिल्ला मिरवत होते, तेव्हा तो वापरू नका असं उघड पत्र लीजनला लिहावं लागलं. २०११ साली फिफाने इंग्लंडच्या खेळाडूंना शर्टावर पॉपी लावायला मनाई केली, तर इंग्लिश डिफेन्स लीग या अतिउजव्या संघटनेचे लोक झुरिकमध्ये फिफाच्या इमारतीच्या छपरावर चढून बसले. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे प्रत्येक देशात असतात. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये ते काम खुद्द गृहमंत्र्यांनी केलं. ११ नोव्हेंबरला शनिवारी गाझामधल्या युद्धविरामासाठी लंडनमध्ये मोर्चा निघणार होता. हाइड पार्कपासून अमेरिकी वकिलातीपर्यंतचा तो मार्ग सेनोटाफपासून दूर होता, वेळही सकाळी अकराला मृतांसाठी पाळल्या जाणाऱ्या मौनानंतरची. तरी गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन अशा मोर्च्यांना ‘द्वेषाचे मोर्चे’ म्हणत राहिल्या आणि पोलीस पक्षपाती असल्याचा आरोप त्यांनी केला. पोलीस आयुक्त मार्क रोली यांनी कायद्यात आधार नाही म्हणून बंदी घातली नाही. त्या मोर्च्यातल्या काही घोषणा आणि फलक ज्यूंच्या मनात धडकी भरवणारे होते, आणि त्याबद्दल कारवाई व्हायलाच हवी होती. पण मौनाच्या सुमाराला सेनोटाफशी पोलिसांशी मारामारी कोणी केली? ‘सेनोटाफचं रक्षण’ करायला आलेल्या अतिउजव्या जमावाने. त्या दिवशी अटक झालेल्यांत बहुसंख्य तेच होते. दोन दिवसांनी ब्रेव्हरमन यांचं मंत्रिपद गेलं. ज्या तारखेला १९१८ साली तोफा थांबल्या, त्या तारखेला तोफा थांबवा म्हणणं हा स्मरणाचा अपमान कसा होतो, हे मला आजवर कोणी समजावून दिलेलं नाही.

स्मारक बांधणाऱ्याच्या हातात त्याचा अर्थ राहत नाही, हे आपल्याला तर वेगळं सांगायला नको. कोरेगाव भीमाचा स्तंभ कंपनी सरकारने १८१८ च्या लढाईतला स्वतःचा पराक्रम मिरवायला उभारला. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले, आणि इंग्रजांच्या त्या विजयस्तंभातून महार सैनिकांचा स्वाभिमान बोलू लागला. ज्यांची नावं दगडावर होती, त्यांच्या वारसांनी दगडाचा अर्थ आपल्या हातात घेतला. त्याला स्मारकाचा गैरवापर म्हणायची कोणाची प्राज्ञा आहे?

मात्र त्यासाठी आधी दगडावर नावं असावी लागतात. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुट इथे वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेल्या सैन्याचं नाव होतं सहावी पूना डिव्हिजन. त्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची पोरं. लढाईत, वेढ्यातल्या उपासमारीत आणि नंतर तुर्कांच्या कैदेत त्यातली किती तरी मेली. मेसोपोटेमियातल्या मृतांसाठी १९२९ साली बसऱ्याला जे स्मारक झालं, त्यावर ब्रिटिश शिपायांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत. साध्या हिंदी शिपायांसाठी पलटणीगणिक नुसता आकडा आहे. ही गफलत नव्हती, तसं धोरणच होतं. १९२३ साली गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानाच्या, ब्रिटिश गव्हर्नरांनी तर म्हटलं होतं की तिथल्या सामान्य माणसाला थडग्याच्या दगडाचं महत्त्व कळणार नाही. एप्रिल २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्याच समितीने कबूल केलं की आशिया-आफ्रिकेतले किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृत नावानिशी नोंदलेच गेले नाहीत. संरक्षणमंत्री बेन वॉलेस यांनी संसदेत माफी मागितली. त्याआधी २०१८ साली हिंदी सैनिकांच्या स्मरणार्थ लीजनने खादीची पॉपी काढली होती आणि पंतप्रधान थेरेसा मे यांनी ती लावली होती. चांगली गोष्ट झाली. पण खादीचं फूल लावायला खर्च नाही. नावं शोधायला, जुन्या पलटणींची दफ्तरं धुंडाळायला, दगडावर ती कोरायला माणसं आणि पैसा लागतो.

टीव्ही वाहिन्यांनी निवेदकांना मोकळं सोडावं. फुटबॉल क्लबांनी पॉपीचा शर्ट हवा त्याला द्यावा, नको त्याला साधा द्यावा, आणि त्याची बातमी होऊ देऊ नये. आणि नोव्हेंबरात दुसऱ्याच्या कोटाकडे बोट दाखवणाऱ्या प्रत्येक खासदाराने आधी आपल्याच सरकारला सभागृहात दोन प्रश्न विचारावेत: सैन्यातून परतून आज बेघर झालेल्यांना घर कधी मिळणार, आणि २०२१ च्या माफीनंतर त्या लाखो मृतांपैकी किती जणांची नावं लागली?